आधी उतार, मग चढ

सायकलीवरून डोंगर सर करण्याविषयी जे काही लिहिले-बोलले जाते, त्यात चढ आधी येतो आणि उतार नंतर. १९१० साली ‘टूर द फ्रान्स’ पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच खिंडींवर नेण्यात आली, दोन हजार मीटरहून उंच असलेल्या तूर्मलेवरून स्पर्धक कधी पायडल मारत तर कधी सायकल ढकलत गेले आणि तेव्हापासून हा क्रम जणू ठरूनच गेला: सकाळी पायथ्याच्या गावातून निघायचे, दुपारपर्यंत घाम गाळायचा, माथ्यावरच्या पाटीखाली फोटो काढायचा आणि मग निवांत खाली यायचे. आम्हा कोल्हापूरकरांच्या वाट्याला आलेला डोंगर मात्र उलटा आहे. आम्ही राहतो तोच जवळजवळ माथा. घाटात जायचे म्हणजे आधी कोकणात उतरायचे आणि दिवस तापल्यावर, पाय निम्मे थकल्यावर, घरी परतण्यासाठी तो घाट चढायचा. मजा उधारीवर मिळते आणि वसुली त्याच दिवशी होते.

हे कशामुळे, याचे उत्तर सह्याद्रीच्या आकारात आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे. तिथून पश्चिमेला गगनबावड्यापर्यंत पंचावन्न किलोमीटर गेले, तरी आपण डोंगर चढतो आहोत असे फारसे जाणवत नाही. रस्ता कुंभी नदीच्या खोऱ्यातून जातो, दोन्ही बाजूंच्या डोंगररांगा हळूहळू जवळ येतात, मधूनच एखादा चढ लागतो आणि तो संपेपर्यंत विसरूनही जातो. मग गगनबावडा गाव येते, गाव ओलांडले की रस्ता वळतो, आणि समोर जमीनच नसते. पूर्वेकडून पाहिले तर सह्याद्री ही पर्वतरांग कमी आणि पठाराची तुटलेली कड अधिक आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचे हे पठार पूर्वेकडे किंचित कलते आहे. पश्चिमेकडची बाजू खचली, झिजली आणि कडा मागे मागे सरकत आजच्या जागी आला. भूगोलाच्या पुस्तकात ‘पूर्वेकडे मंद उतार व पश्चिमेकडे तीव्र उतार’ असे एक वाक्य आम्ही शाळेत पाठ केले होते. त्या वाक्याचा पूर्वार्ध सायकलीवर चार तास चालतो आणि उत्तरार्ध वीस मिनिटांत संपतो. अर्थात परतीला तसे होत नाही.

गगनबावड्याचा रस्ता कोणत्या ऋतूत धरायचा, यावर आमच्यात कायम वाद होतात. पावसाळ्यात ही वाट सुंदर आहे, पण बेभरवशाची आहे. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, गगनबावड्यात पाच हजारांच्या पुढे. म्हणजे पंचावन्न किलोमीटरच्या एका फेरीत आपण पाचपट पावसाच्या मुलखात शिरतो. जुलैत मांडुकलीजवळ कुंभीचे पाणी रस्त्यावर आले की वाहतूकच थांबते, मग सायकलीचे काय घेऊन बसलात. घाटात दरडी येतात. जलरोधक म्हणून विकत घेतलेल्या कोणत्याही जाकिटाला गगनबावड्याच्या पावसासमोर तास-दीड तासापेक्षा अधिक टिकाव धरताना मी पाहिलेले नाही.

हिवाळ्यात रस्ता कोरडा असतो, पण तो उसाचा असतो. नोव्हेंबरपासून पुढचे चार महिने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि ट्रक या रस्त्यावरून कारखान्यांकडे ऊस वाहतात. ट्रॅक्टरवाल्याने लावलेले गाणे ट्रॉली दिसण्याआधी ऐकू येते, त्यामुळे मागून काय येते आहे हे कळण्यासाठी मान वळवावी लागत नाही. खरा त्रास रस्त्यावर पडलेल्या कांड्यांचा. चाकांखाली चिरडलेला ऊस पहाटेच्या दवात ओला झाला की त्यावरून सायकलीचे अरुंद टायर असे सटकतात की झोप पार उडते. अठ्ठावीस मिलिमीटरच्या टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवावी, पांढऱ्या पट्टीच्या आत एक हातभर चालावे आणि चोथ्याचा ढीग दिसला तर वळण न घेता सरळ जावे, हे इथे नवख्या मुलांना आधी सांगावे लागते. एक सुखही आहे. रस्त्याकडेचे एखादे गुऱ्हाळ पेटलेले असेल, तर काहिलीतून निघणारा वास अर्धा किलोमीटर आधीपासून येतो. तिथे थांबले की कोणी ना कोणी ताटलीत गरम काकवी ओतून देतो. ती बोटाने चाटून खाताना तोंड भाजते आणि पुढचे वीस किलोमीटर भूक लागत नाही. बाजारात मिळणाऱ्या एनर्जी जेलच्या पुड्या मी कधीच्याच घ्यायच्या बंद केल्या आहेत.

गगनबावड्याला दोन घाट फुटतात. डावीकडचा करूळ घाट वैभववाडीकडे उतरतो, उजवीकडचा भुईबावडा घाट खारेपाटणकडे. वर गगनगड उभा आहे. किल्ला शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या काळातला मानला जातो, आणि आता तिथे मुख्यतः गगनगिरी महाराजांच्या मठात जाणाऱ्यांची वर्दळ असते. फाट्याच्या अलीकडच्या टपरीवर चहा घेताना तिथल्या आजींनी एकदा सायकलीकडे बराच वेळ पाहून विचारले होते, “कुठं चाललायसा?” खाली कोकणात, म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न आला, “जाताय खरं खाली, पर परत वर येणार कसं?” घाट उतरून चढणाऱ्या कोणाही माणसाला, मग तो डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेला असो की सायकलीवर बसलेला, विचारण्यासारखा हाच एक प्रश्न आहे.

याच जागी पाण्याचीही वाटणी होते. टपरीच्या मागे पडलेला पाऊस कुंभीतून पंचगंगेला, पंचगंगेतून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतो आणि आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात जातो. त्या पाण्यापुढे हजार किलोमीटरहून अधिक प्रवास असतो. कड्याच्या पलीकडे पडलेला पाऊस शुक नदीतून वाघोटणच्या खाडीला लागतो आणि विजयदुर्गाजवळ अरबी समुद्र गाठतो, तोही बहुधा एक-दोन दिवसांत. मंद उतार आणि तीव्र उतार यांतला फरक यापेक्षा स्पष्ट कोणत्याही नकाशात दिसणार नाही.

करूळ घाट उतरणे हा आनंद आहेच, पण ती विश्रांती नव्हे. सुमारे दहा किलोमीटरांत पाचशे मीटरच्या आसपास उंची जाते. ब्रेक सतत धरून ठेवले तर ते तापतात, म्हणून वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात लावायचे आणि वळणात सोडून द्यायचे. पहिल्या चार-पाच वळणांत मनगटे दुखू लागतात. बोटे बधिर होतात, डिसेंबरमध्ये थंडीने आणि एरवी ताणाने. डोळ्यांसमोर दरी उघडी असते, पण तिच्याकडे पाहण्याची सोय नाही, कारण नजर पुढच्या वळणाच्या आतल्या कडेवर ठेवावी लागते. दरी पाहायची असेल तर थांबावे. या घाटाचे काँक्रिटीकरण करण्यासाठी तो २०२४ च्या जानेवारीत बंद करण्यात आला आणि वर्षभर बंदच राहिला. तेव्हा सगळी वाहतूक भुईबावड्याने आणि फोंड्याने वळवली गेली. आता रस्ता रुंद झाला आहे. खड्डे गेले ही चांगली गोष्ट, पण काँक्रीट डांबरापेक्षा कडक, त्याचा प्रत्येक सांधा हँडलमधून खांद्यापर्यंत पोहोचतो, आणि रुंदी वाढली की मोटारींचा वेगही वाढतो. सायकलवाल्याला जुना अरुंद रस्ता बरा वाटावा ही विचित्र गोष्ट आहे, तरीही मला तो बरा वाटत होता.

उतरताना एक हिशेब मनात आपोआप सुरू होतो. प्रत्येक लांब, मोकळे वळण सुटले की वाटते, हेही आता वर न्यायचे आहे. खाली येता येता हवा बदलते. वरची कोरडी थंडी दोन-तीन वळणांत विरते, मग ओलसर, कोमट, पालापाचोळ्याच्या वासाची हवा अंगाला लागते आणि जाकीट काढावे लागते. पायथ्याशी पोहोचेपर्यंत माणूस दुसऱ्या हवामानात आलेला असतो. वैभववाडीत घावणे आणि चहा घेऊन बसले की गल्ल्यावरचे गृहस्थ “खंयसून इलास?” असे विचारतात, कोल्हापूर म्हटले की हसून “वायच बस” म्हणतात, आणि त्यांच्या त्या सांगण्यात आमच्या पुढच्या दुपारची त्यांना पूर्ण कल्पना असल्याचे दिसते.

परतीला तीन वाटा आहेत. आला तोच करूळ, नाहीतर भुईबावडा, नाहीतर नाधवडे आणि लोरे करत फोंड्याला जाऊन फोंडा घाट. तिसऱ्या वाटेने दाजीपूर आणि राधानगरीवरून कोल्हापूर गाठले की पूर्ण फेरी दोनशे किलोमीटरच्या जवळपास जाते. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते, आणि हा रस्ता त्या मुदतीचा पुरेपूर उपयोग करून घेतो.

चढाचे गणित साधे आहे. सायकल, दोन बाटल्या पाणी आणि मी मिळून ऐंशी-पंच्याऐंशी किलो वजन होते. ते पाचशे मीटर वर न्यायचे म्हणजे चार लाख ज्यूलच्या आसपास काम. माझ्यासारखा नोकरी करून सायकल चालवणारा माणूस सव्वाशे वॅटच्या आत-बाहेर तासभर टिकतो, म्हणजे न थांबता गेलो तर घाट तासाभराचा. खाल्लेल्या अन्नातील पावपट ऊर्जाही शरीर पायडलपर्यंत पोहोचवत नाही, बाकीची सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. आणि खरी अडचण तिथेच आहे. देशावर घाम वाऱ्याने वाळतो आणि अंग थंड होते. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. तो हनुवटीवरून सायकलीच्या दांडीवर पडतो आणि त्याच जागी मिठाची पांढरी रेघ उमटते. पाय थकण्याच्या आधी डोके तापते. म्हणून या घाटांत किती ताकद आहे यापेक्षा किती वाजले आहेत, हा प्रश्न मोठा.

कडा पश्चिमेला तोंड करून उभा असल्यामुळे सकाळी सूर्य त्याच्या पाठीमागे असतो. नऊ-साडेनऊपर्यंत घाटात सावली असते आणि आम्ही नेमके त्याच वेळी उतरत असतो. दुपारी बारानंतर ऊन समोरून कड्यावर पडते, काळा कातळ तापतो, आणि आम्ही चढायला लागतो. तासाला आठ-दहा किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसाला वारा मिळत नाही, मिळाला तरी समुद्राकडून, म्हणजे पाठीमागून येतो, आणि त्याच्याच वेगाने चालत असल्याने तो अंगाला लागत नाही. संध्याकाळी चारनंतर निघावे, तर जंगलात अंधार पडेपर्यंत रस्ता संपत नाही. मधली फट फार लहान आहे. तिच्यात बसायचे तर कोल्हापूर पहाटे चारला सोडावे लागते.

फोंडा घाट मी करूळपेक्षा अधिक मानतो तो यासाठी की त्याला सावली आहे. देवगड-निपाणी रस्त्यावरचा हा घाट राधानगरी अभयारण्याच्या कुशीतून वर चढतो. करूळसारखी दरी इथे सतत उघडी पडत नाही. रस्ता झाडीत शिरतो आणि बराच वेळ झाडीतच राहतो. खाली ऐन, किंजळ, कुंभा, आणि वर जाऊ लागलो की जांभूळ, अंजनी, हिरडा. जांभूळ-अंजनीचे हे रान बारा महिने हिरवे असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंजनी फुलते, तेव्हा नागड्या फांद्यांनाच निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस चिकटलेले दिसतात. मोटारीतून हे दिसणे कठीण, कारण फुले पानांच्या आत, खोडाजवळ असतात. आठ किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्याला मात्र ती दिसतात, आणि थांबण्यासाठी सभ्य कारणही मिळते.

त्या वेगात रस्त्याची रचनाही ध्यानात येते. वळणाच्या आतल्या बाजूने चढ एकदम तिखट होतो, बाहेरच्या बाजूने सौम्य, त्यामुळे मागेपुढे पाहून बाहेरून जावे. प्रत्येक ओढ्यावर एक मोरी असते, मोरीजवळ रस्ता आत वळतो आणि क्षणभर सपाट होतो. तिथे पायाला दोन श्वास मिळतात. मोरीच्या कठड्यावर शेवाळ आणि नेच्याची इवली पाने, खाली डिसेंबरपर्यंत टिकणारी पाण्याची धार, कुठेतरी आत शीळ घालणारा कस्तूर. हा पक्षी पहाटे गातो असे म्हणतात, पण घाटातल्या गर्द घळीत तो कोणत्याही वेळी ऐकू येऊ शकतो, आणि त्याची शीळ एखाद्या मुलाने नुकतीच चाल विसरल्यासारखी मध्येच थांबते. एप्रिलमध्ये देवगडच्या आंब्यांचे ट्रक खालून येतात. जड ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत आमच्यापेक्षा थोड्याच अधिक वेगाने जातात, त्यामुळे एकाच ट्रकचा हापूसचा वास आणि डिझेलचा धूर पाच-पाच मिनिटे सोबतीला राहतो.

दाजीपूरचे जंगल गव्यांचे. १९५८ पासून ते गव्यांसाठी राखले आहे, पुढे त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा जो भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला त्यात राधानगरीचाही समावेश झाला. गवा रस्त्यावर येतो तो बहुधा सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला. झाडीच्या सावलीत त्याचा काळा देह आधी दिसतच नाही, गुडघ्याखालचे पांढरे पाय दिसतात. मग हळूहळू वरचा डोंगर आकाराला येतो. सायकल आवाज करत नाही ही एरवी तिची थोरवी, पण इथे तीच अडचण, कारण जनावराला आपली चाहूल फार उशिरा लागते. अशा वेळी खाली उतरून, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरून, गप्प उभे राहावे. घंटी वाजवू नये, फोटोसाठी पुढे सरकू नये. तो रस्ता ओलांडतो, पण लगेच निघायचे नाही, कारण कळप असेल तर मागून आणखी येतात. एकदा एका टोळक्याला मोटारीतून उतरून मोबाइल पुढे करत त्याच्याकडे चालत जाताना पाहिले आहे. तेव्हा गव्याने नुसते नाक फुरफुरवले. तो एवढ्यावर थांबला, हे त्या मंडळींचे नशीब.

माथा आला की पुढे राधानगरीपर्यंत रस्ता जलाशयाच्या कडेकडेने, चढउतार घेत जातो. इथे थकलेल्या माणसाचा खरा कस लागतो, कारण मोठा चढ संपला म्हणून मन मोकळे झालेले असते आणि लहान चढ संपता संपत नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर या धरणाचे काम हाती घेतले. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आले की ते आपोआप उघडतात, आणि पावसाळ्यात कितवा दरवाजा उघडला ही कोल्हापुरातली रोजची बातमी असते. कोल्हापूरच्या उसाखालच्या जमिनीला आणि आमच्या गूळ-काकवीला मुळात हेच पाणी आहे.

काही जण विचारतात, मग तुम्ही उलटे का करत नाही? कोकण रेल्वेने वैभववाडी गाठावी, सकाळच्या सावलीत घाट चढावा आणि मग जगातल्या इतर सायकलस्वारांप्रमाणे उताराने घरी यावे. तसे करून पाहिले आहे. चढ सावलीत झाला, खूप बरा झाला. पण वर आल्यावर उतार नव्हताच. तिथून कोल्हापूरपर्यंत पठार आहे, पाण्याला समजेल एवढाच त्याचा कल, पायांना तो समजत नाही. म्हणजे देशावरच्या माणसाला उतार आधी आणि चढ नंतर, किंवा नुसता चढ. सरळ हिशेबाचा घाट फक्त कोकणातल्या माणसाला मिळतो. कणकवलीची मंडळी रविवारी पहाटे फोंडा घाट चढून दाजीपूरला येतात, चहा पितात आणि न्याहारीच्या वेळेला घरी परततात.

अशाच एका रविवारी दाजीपूरच्या टपरीवर त्यांच्यातल्या एकाची गाठ पडली. आम्ही आदल्या दिवशी उतरून खाली मुक्काम केला होता आणि नुकतेच वर आलो होतो. तो साठीच्या पुढचा असावा, सायकल साधी, पुढे एकच चेनरिंग, आणि श्वास आमच्यापेक्षा शांत. त्याने आमचा मार्ग विचारून घेतला, कपातला चहा संपवला आणि टोपी डोक्यावर ठेवत म्हणाला, “म्हणजे तुमका आता घरापर्यंत उतारच मां?” मी म्हटले, “नकाशात तसाच आहे.” तो हसत सायकलीवर बसला आणि पहिल्याच वळणावर दिसेनासा झाला. आम्ही बाटल्या भरून घेतल्या. कोल्हापूर अजून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर होते.